किड्यामुंगीला वेदना होते काय?

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यांतील एखाद्या शेतांत दुपारच्या वेळीं जाऊन पाहिलें, तर एक दृश्य हमखास नजरेस पडतें. वेचणी करणारी बाई किडकें बोंड फोडते, आंत सरकींत दडून बसलेली गुलाबी बोंडअळी तिला दिसते, आणि कांहीं न बोलतां ती त्या अळीला अंगठ्याच्या नखानें चिरडून टाकते. नखाचा पहिला स्पर्श होतांच ती अळी धनुष्यासारखी वांकते, अंग आक्रसून घेते, उलटसुलट वळवळते. त्या बाईच्या मनांत त्या क्षणीं दया उपजण्याचें कांहींच कारण नाहीं. अळीनें तिच्या घरचा घास पळविलेला असतो. २०१७ सालीं ह्याच अळीनें महाराष्ट्रांतील कापसाची जी दाणादाण उडविली, तिची आठवण मराठवाड्यांत अजून बुजलेली नाहीं. परंतु अळीचें तें वळवळणें म्हणजे काय? तें दुःख आहे, कीं घड्याळाची कमान दाबून सोडल्यावर ती उसळावी तसली नुसती हालचाल आहे?

हा प्रश्न वरवर पाहतां निरुद्योगी माणसाच्या करमणुकीचा वाटेल. तसा तो नाहीं. हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. हळद, सोयाबीन आणि कापूस हीं त्याचीं मोठीं पिकें असून वसमत व हिंगोली येथील हळदीचे बाजार सर्व महाराष्ट्रांत नांवाजलेले आहेत. हळदीच्या कंदांत कंदमाशीच्या अळ्या शिरतात, सोयाबीनचें खोड चक्रभुंगा आणि खोडमाशी पोखरतात, कापसावर बोंडअळी आहेच. ह्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या हातून एका हंगामांत जितके जीव मरतात त्यांची मोजदाद करूं म्हटलें, तर महायुद्धांतील मृतांची संख्याही तिच्यापुढें क्षुल्लक ठरेल. उलट, ह्याच जिल्ह्यांत तुतीची लागवड करून रेशमाचे किडे पाळणारे शेतकरीही आहेत. तेथें तर जीव पोटच्या पोरासारखा वाढवावयाचा आणि मग मरणाला पाठवावयाचा, असा व्यवहार आहे. त्या जिवाला जर कांहींच जाणवत नसेल, तर प्रश्न मिटला. जाणवत असेल, तर तो मिटत नाहीं.

मराठी मनाला हा प्रश्न नवाही नाहीं. औंढा नागनाथ तालुक्यांतील शिरड शहापूर हें दिगंबर जैनांचें क्षेत्र आहे. तेथील मल्लिनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू येतात. जैन शास्त्रकारांनीं जिवांचें वर्गीकरण इंद्रियांवरून केलें. कृमीला स्पर्श व रस हीं दोन, मुंगीला गंध धरून तीन, भ्रमराला दृष्टि धरून चार, आणि मनुष्यादिकांना श्रवणासह पांच. विशेष हें कीं, पांचांहून कमी इंद्रियांच्या जिवाला मन नसतें असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें, आणि तरीही सुखदुःखाचा भोग त्याला आहे असें मानलें. मन नाहीं, पण वेदना आहे. आजच्या प्रयोगशाळांतील वाद नेमका ह्याच जागीं येऊन अडला आहे. ह्याच जिल्ह्यांतील नर्सी हें संत नामदेवांचें गांव म्हणून ओळखलें जातें. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा घरोघर सांगितली जाते. कुत्र्याच्या भुकेविषयीं कोणाला शंका येत नाहीं. तो केकाटला म्हणजे त्याला लागलें, हें लहान मूलही ओळखतें. मुंगी केकाटत नाहीं, हीच सारी अडचण आहे.

शास्त्रज्ञांचें म्हणणें समजण्यासाठीं प्रथम स्वयंपाकघरांत जावें. तापलेल्या तव्याला चुकून बोट लागलें, कीं हात झटक्यानें मागें येतो. चटक्याची आग मागाहून जाणवते. हात मागें घेण्याचा हुकूम मेंदूंतून सुटलेला नसतो. तो पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूनें परस्पर दिलेला असतो. ज्याचा मज्जारज्जु अपघातांत वरच्या बाजूस तुटला आहे अशा रोग्याच्या तळपायाला टोचलें, तर पाय आखडतो, पण रोग्याला कांहींही कळत नाहीं. ह्यावरून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. शरीराला इजा होत आहे ह्याची मज्जातंतूंनीं घेतलेली नोंद ही एक. तिला अपायबोध म्हणूं. त्या नोंदीचें दुःख होणें ही दुसरी. तीच खरी वेदना. तार घरीं येऊन पोंचणें निराळें आणि ती वाचून डोळ्यांना पाणी येणें निराळें. कीटकांच्या घरीं तार पोंचते ह्याविषयीं आतां कोणालाच शंका नाहीं. ती वाचणारें कोणी घरांत आहे काय, एवढाच वाद आहे.

कोणी नाहीं, असें म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाहीं. माणसाचे हुकूम डोक्यांतून सुटतात, तसा कीटकाचा सारा कारभार डोक्यांत एकवटलेला नसतो. छातीच्या आणि पोटाच्या भागांत मज्जापेशींच्या लहान लहान गांठी असतात आणि प्रत्येक गांठ आपल्यापुरता कारभार पाहते. म्हणून तर मुंडकें उडविलेलें झुरळ कित्येक दिवस जगतें. १९६२ सालीं एड्रियन हॉरिज नांवाच्या शास्त्रज्ञानें अशा बिनडोक्याच्या कीटकावर एक विलक्षण प्रयोग केला. त्याचा पाय खालच्या द्रवांत बुडला कीं विजेचा सौम्य धक्का बसेल अशी त्यानें योजना केली. थोड्याच वेळांत तो पाय वर उचललेला राहूं लागला. मेंदू नाहीं, डोकें नाहीं, आणि तरीही पाय ‘शिकला’! एखादा किडा चटका टाळावयास शिकला, एवढ्यावरून त्याला चटका जाणवला असें अनुमान काढणाऱ्यांनीं ह्या पायाकडे एकदां पाहावें. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं वनस्पति आघाताला प्रतिसाद देतात हें यंत्रांच्या साहाय्यानें जगाला दाखविलें, परंतु लाजाळू मिटते म्हणून ती लाजते असें कोणी धरीत नाहीं.

१९८४ सालीं ऑस्ट्रेलियांतील कांहीं कीटकशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि पुढें बरींच वर्षें तोच ह्या विषयावरचा शेवटचा शब्द समजला जात असे. त्यांनीं दिलेलीं उदाहरणें अंगावर कांटा आणणारीं आहेत. पायाचें टोंक चिरडलें गेलेला किडा लंगडत नाहीं; त्याच पायावर पूर्वीसारखाच भार टाकून चालतो. प्रार्थनाकीटक टोळाला एका बाजूनें खात असतो आणि दुसऱ्या बाजूनें टोळ आपलें पान कुरतडीत असतो. मादी नराला खाऊं लागली तरी नराचा समागम चालूच राहतो. ज्या प्राण्याला वेदना आहे तो दुखरा भाग जपतो, चाटतो, त्यावर भार देत नाहीं. आणि येथें तर जखमेची दखलही नाहीं! शेतकऱ्यालाही असला अनुभव पदोपदीं येतो.

परंतु ह्या युक्तिवादांत एक फट होती. रणांगणावर हातापायाला गोळी लागलेला शिपाई कधीं कधीं लढाई संपेपर्यंत कांहींच जाणवलें नाहीं असें सांगतो; त्यावरून शिपायांना वेदना होत नाहींत असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय कीटकाचें अंग बाहेरून कवचाचें आहे. कीटकांच्या शरीरव्यापाराच्या अभ्यासांत आयुष्य घालविलेले इंग्रज शास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ ह्यांनीं १९८० सालींच एक भेद सुचविला होता. कवचाला झालेली इजा कीटकाला बहुधा जाणवत नसावी. परंतु उष्णता, विजेचा धक्का आणि शरीराच्या आंतील बिघाड ह्यांची गोष्ट वेगळी. कीटकाला वेदना आहे असें धरून चालावें, असें त्यांचें मत होतें. त्या वेळीं तें वृद्ध माणसाच्या हळवेपणांत जमा झालें. पुढील चाळीस वर्षांत जो पुरावा गोळा झाला, तो मात्र त्यांनीं नांव घेतलेल्या उष्णतेच्या बाबतींतच अधिक झाला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

२००३ सालीं अमेरिकेंत सेमोर बेंझर ह्यांच्या प्रयोगशाळेंत फळमाशीच्या अळ्यांवर काम चाललें होतें. तापलेल्या सळईचें टोंक अळीला टेकविलें, कीं ती आपल्या अंगाभोंवतीं लोटांगण घालीत गडगडत बाजूला जाते. साध्या स्पर्शानें ती असें कधीं करीत नाहीं. अळीच्या कांहीं वाणांत मात्र हें लोटांगण उशिरा येतें किंवा येतच नाहीं. तपासाअंतीं एका जनुकांत दोष सांपडला, आणि त्या जनुकाला ‘वेदनारहित’ अशा अर्थाचें नांव मिळालें. नांव जरा घाईचें झालें. सांपडलें होतें तें अपायबोधाचें दार, वेदना नव्हे. तरीपण चटक्यासाठीं अळीजवळ खास ठेवणीची व्यवस्था आहे, हें त्यामुळें सिद्ध झालें.

खरा पेंच सुटावयाचा तर निराळा प्रयोग पाहिजे होता. प्रतिक्षिप्त क्रिया सौदा करीत नाहीं. तव्यावरचा हात मागें येतो तो तव्यावर पुरणपोळी आहे कीं कांहींच नाहीं हें पाहून येत नाहीं. जो प्राणी त्रास आणि लाभ एका तराजूंत घालून तोलतो, लाभ मोठा असेल तेव्हां त्रास सोसतो आणि लहान असेल तेव्हां टाळतो, त्याच्यापाशीं तोलणारें कांहींतरी असलेंच पाहिजे. वसमतच्या बाजारांत हळदीला भाव चढा असेल, तर शेतकरी वाईट रस्त्याचे धक्के सोसून तेथें गाडी नेतो. भाव सगळीकडे सारखाच असेल, तर जवळचा बाजार गांठतो. धक्क्यांचें दुःख त्याला दोन्ही वेळां सारखेंच आहे, पण वागणूक वेगळी आहे.

लंडनमधील लार्स चिट्का ह्यांच्या प्रयोगशाळेनें २०२२ सालीं असाच बाजार मधमाशांपुढें मांडला. मधमाशा आपल्याकडील नव्हेत. युरोपांत बंबलबी म्हणून जी अंगानें मोठी, केसाळ, भुंग्यासारखा गुंजारव करणारी माशी असते, ती. तिच्यापुढें साखरेच्या पाण्याच्या निरनिराळ्या रंगांच्या वाट्या ठेवल्या. कांहीं वाट्यांची बैठक ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापविलेली. त्यांत चाळीस टक्के साखरेचें गोड पाणी. उरलेल्या वाट्या थंड. त्यांतील गोडी दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत बदलती. थंड वाटींत चाळीस टक्के गोडी असे, तेव्हां माशा तापलेल्या वाटीकडे जाणें टाळीत. थंड वाटी जसजशी फिकी होत जाई, तसतशा त्या चटका सोसून तापलेल्या वाटीवर उतरूं लागत. आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हा निवाडा माशी वाटीवर उतरल्यावर करीत नसे. रंग पाहून, पूर्वीचा चटका आणि पूर्वीची गोडी आठवून ती तो करी. म्हणजे पाय भाजला म्हणून पाय उचलला, असला हा प्रकार नव्हे. हुकूम मेंदूंतूनच सुटलेला होता. वेदना सिद्ध झाली असें प्रयोगकर्त्यांनीं म्हटलें नाहीं. परंतु ‘नुसती प्रतिक्षिप्त क्रिया’ हें उत्तर निदान ह्या माशीपुरतें तरी निकालांत निघालें. जैनांनीं चार इंद्रियें दिलेल्या भ्रमराच्या जातभाईनेंच हा पुरावा द्यावा, हा योगायोग मोठा गोड आहे.

उलट जाणारा पुरावाही आहे, आणि तो दडवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. माणसाला किंवा जनावराला सतत दुखत असेल, तर तो वेदनाशामक औषधाकडे वळतो. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांत पायाला चिमटा लावलेल्या आणि पाय तोडलेल्या मधमाशांपुढें साधें साखरपाणी आणि मॉर्फिन मिसळलेलें साखरपाणी अशा दोन्ही वाट्या ठेवल्या. जखमी माशांनीं मॉर्फिनची निवड धडधाकट माशांहून अधिक केली नाहीं. ह्याच्या नेमकें उलट, सिडनींतील संशोधकांनीं २०१९ सालीं फळमाशीचा एक पाय तोडून जखम पूर्ण भरूं दिली. त्यानंतर पुष्कळ दिवस ती माशी पूर्वीं सहज सोसणाऱ्या उबेलाही दचकूं लागली. जुनी जखम पावसाळ्यांत ठणकावी तसलाच हा प्रकार. विगल्सवर्थ ह्यांचा भेद येथें पुन्हां आठवतो. चिमटा हा कवचाचा, चटका हा आंतला.

मेंदूच्या आकारावरून हा वाद मिटविण्याचा मोह अनेकांना होतो. माणसाच्या मेंदूंत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत, मधमाशीच्या मेंदूंत सुमारे दहा लाख, आणि फळमाशीच्या मेंदूंत, २०२४ सालीं पूर्ण झालेल्या नकाशाप्रमाणें, जवळजवळ एक लाख चाळीस हजार. पण इतक्या थोड्या पेशींत काय मावत नाहीं हें सांगण्याचें माप कोणाजवळ आहे? डोक्याशिवायचें झुरळ जगतें खरें. परंतु हिरव्या-निळ्या झळाळीची एक गांधीलमाशी झुरळाच्या नेमकी मेंदूंत नांगी खुपसते, तेव्हां काय होतें तें पाहावें. झुरळाचे पाय शाबूत असतात, चालण्याची शक्ति शाबूत असते. फक्त आपण होऊन निघण्याची इच्छा नाहींशी होते. माशी त्याची मिशी धरून, बैलाला कासऱ्यानें न्यावें तसें, आपल्या बिळाकडे नेते आणि तें मुकाट्यानें जातें. पाय चालविणें गांठींचें काम आणि पळ काढण्याचें ठरविणें मेंदूचें, अशी वांटणी झुरळांतही आहे हें त्या गांधीलमाशीला माणसाच्या कितीतरी आधीं ठाऊक होतें.

आतां रेशमाकडे वळावें, कारण हिंगोलीच्या शेतकऱ्यापुढें हा प्रश्न खऱ्या अर्थानें तेथेंच उभा राहतो. बोंडअळी हा शत्रु आहे; पिकाच्या रक्षणासाठीं तिला मारण्यांत निदान स्वसंरक्षणाचा आधार आहे. रेशीमकिड्यानें कोणाचें कांहीं बिघडविलेलें नाहीं. शंभर अंडीपुंज आणले म्हणजे चाळीस-पन्नास हजार अंडीं घरांत आलीं. पंचवीस दिवसांच्या आसपास त्यांना तुतीचा पाला घालावयाचा, ऊन-वारा-ओल सांभाळावयाची, उझी माशीपासून जपावयाचें. शेवटच्या अवस्थेंत हजारो अळ्या एकदम पाला खाऊं लागल्या, कीं संगोपनगृहांत पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज भरून राहतो. मग त्या चंद्रिकेवर चढतात आणि सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा स्वतःभोंवतीं गुंडाळून आंत कोषस्थ होतात. पतंग बाहेर पडला तर तो धागा भिजवून, वाट करून पडणार, आणि अखंड धागा तुटणार. म्हणून त्यापूर्वींच कोषांना वाफ किंवा तप्त हवा देऊन आंतील जीव मारतात. हें काम शेतकरी करीत नाहीं. तो कोष जिवंत विकतो आणि भट्टी धागा काढणाऱ्याकडे असते. मरण दृष्टीआड होतें इतकेंच.

म्हणजे सर्व प्रकारच्या इजांपैकीं ज्या एका इजेविषयींचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, नेमकी तीच येथें वापरली जाते. ह्यावर दोन आक्षेप घेतां येतात आणि दोन्ही रास्त आहेत. एक, हे सारे प्रयोग माशी-मधमाशीवरचे आहेत. २०२२ सालीं सर्व पुराव्याचा आढावा घेणाऱ्या संशोधकांनीं माशा आणि झुरळें ह्यांची बाजू सर्वांत बळकट ठरविली, पतंग-फुलपाखरांची त्याहून दुबळी. दुसरा, कोषांतील जीव ना धड अळी ना धड पतंग. त्याची जुनी मज्जासंस्था मोडून नवी बांधली जात असते, आणि अर्धवट बांधलेल्या घरांत तार कोण वाचणार? ह्यांतील दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीपण कोषांतून बाहेर काढलेल्या त्या तपकिरी जिवाला बोट लावलें, तर तो पोटाचा भाग गरगर फिरवितो, आणि तंबाखूवर जगणाऱ्या एका पतंगाच्या अळीला एकदां चिमटा काढला तर ती पुढें कितीतरी वेळ हलक्या स्पर्शालाही उसळून तोंड मारते, हें २००१ सालीं नोंदलें गेलें आहे. दुबळी बाजू म्हणजे रिकामी बाजू नव्हे.

पतंग बाहेर पडूं देऊन मग उरलेल्या तुटक्या कोषांपासून सूत काढण्याची रीत आपल्या देशांत आहे. त्या कापडाला अहिंसा रेशीम म्हणतात. तें महाग पडतें आणि त्याची चकाकी कमी असते. त्यांतील अहिंसाही वाटते तितकी सरळ नाहीं. पाळीव रेशमाच्या पतंगाला उडतां येत नाहीं, खातां येत नाहीं; चार-दोन दिवसांत तो मरतोच. मादी शेंकडों अंडीं घालते, आणि तीं सर्व वाढवावयाचीं तर तालुकाभर तुतीच लावावी लागेल. त्यापेक्षां मरण वेगानें यावें, भट्टींतील उष्णता हळूहळू न चढतां एकदम असावी, असला विचार अधिक व्यवहार्य दिसतो. शेतांतही तेंच. मज्जातंतूंना सतत पेटवून किड्याला तासन्‌तास थरथरत ठेवणारें विष, आणि नरपतंगाला गंधानें चकवून अंडीं फळूंच न देणारा कामगंध सांपळा किंवा अळीची खाण्यावरची वासना उडविणारा निंबोळी अर्क, ह्यांत निवड करतांना शेतकरी आजवर खर्च, उतारा आणि फवारणाऱ्याची प्रकृति एवढ्याच गोष्टी तोलत आला. त्या तागडींत आणखी एक हलकेंसें वजन पडूं लागलें आहे.

कायद्याचें मत विचारलें तर मौज वाटते. इंग्लंडांत २०२२ सालच्या कायद्यानें खेकडे आणि अष्टपाद ह्यांना संवेदनशील प्राण्यांत बसविलें, कीटकांना बाहेर ठेवलें. भारताच्या १९६० सालच्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यांत मात्र प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. तिच्या शब्दांत मुंगी बसते, बोंडअळी बसते, आणि कोषांतील जीवही बसतो.

कोष तयार झाल्यावर शेतकऱ्याच्या हातीं थोडेच दिवस असतात. पतंग बाहेर पडण्यापूर्वीं माल जालन्याच्या किंवा थेट कर्नाटकांतील रामनगरच्या बाजारांत पोंचला पाहिजे. म्हणून चंद्रिकेवरून कोष उतरविण्याआधीं जाणता शेतकरी त्यांतील एखाददुसरा उचलून कानाशीं धरतो आणि हलवून पाहतो. आंतून टक्‌टक्‌ असा कोरडा आवाज आला, म्हणजे अळीचा कोषस्थ जीव झाला, माल पक्का झाला, आतां गाडी सांगावयास हरकत नाहीं.